समास

मातोसिन्योशला, बंदरामागच्या चौथ्या गल्लीत,
लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर
मी एक मंगळवार सोडून एक मंगळवार जाते.
फॉर्मवर नाव एकाचंच:
फिर्मिनो, वय एकोणतीस, वजन चौऱ्याण्णव किलो,
समज चार वर्षांच्या मुलाइतकी,
असं कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेलं.
चार वर्षांच्या कुठल्या मुलाला
धुक्यातला भोंगा ऐकून बोटीचं नाव सांगता येतं?

दार उघडते देओलिंदा.
तिचं वजन एकावन्न असेल, हे कुठेच लिहिलेलं नाही,
मी अंदाजानं सांगतेय.
एकावन्न किलोंनी चौऱ्याण्णव किलोंना
रोज टबाच्या काठावरून आत घ्यायचं, मग बाहेर,
हे गणित मला नर्सिंगच्या शाळेत
कुणी घातलं नव्हतं.

बावीस वर्षं सार्डिनच्या कारखान्यात होती ती.
अजूनही तिचे हात तसेच चालतात,
डोकं इकडे, शेपटी तिकडे,
एकही फट न ठेवता.
तशाच लावते त्याच्या गोळ्या
सात खणांच्या डबीत.
तिची स्वतःची चिठ्ठी फ्रीजवर, चुंबकाखाली,
छातीच्या तपासणीची तारीख
दोन वर्षांपूर्वी उलटून गेलेली.
विचारलं तर म्हणते, त्या दिवशी ह्याला कुणाकडे ठेवू?
आणि कॉफी ओतते.

मार्चमधल्या एका मंगळवारी
फिर्मिनोनं हात पुढे केला नाही.
पट्टा माझ्याकडून ओढून घेतला,
कर्रर करून उघडला, पुन्हा उघडला,
आणि आईच्या दंडाला गुंडाळला, उलटा.
म्हणाला, आधी आई.

त्याची समजूत काढायची म्हणून मी पट्टा सरळ केला,
फुगा दाबला.
एकशे अठ्ठ्याऐंशी. खाली एकशे बारा.
यंत्र बिघडलं म्हणून दुसऱ्या दंडाला लावलं.
यंत्र बिघडलं नव्हतं.
देओलिंदा म्हणाली, जिने चढल्यामुळे असेल.
जिने तर मी चढून आले होते.

फॉर्मवर आईसाठी रकाना नाही.
मी तो आकडा समासात लिहिला, तिरका,
पेन्सिलीनं, मग पेननं गिरवला.
आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी विचारलं,
हा दुसरा पेशंट कोण?
मी म्हटलं, दुसरा नाही.
मायलेक म्हणताना
मधला आणि कधी गळून पडला
कुणाच्या लक्षात तरी येतं का?

मग अकरा आठवडे फोन.
न्हाणीघरात एक दांडी बसली, भिंतीत, स्टीलची.
तिच्या नावाची पहिली गोळी आली,
ती फिर्मिनोच्याच डबीत, आठवा खण नसल्यामुळे
झाकणात ठेवते.
आणि दोन रात्री त्याला सांभाळायला
नदीपलीकडच्या घरात एक खोली मिळाली.

त्या पहिल्या रात्री ती चौदा तास झोपली.
नंतर सांगत होती, जागी झाले
ती शांततेनं. धावत गेले त्याच्या खोलीत.
पलंग नीट आवरलेला.
त्याची एक चप्पल मांडीवर घेऊन बसले,
चोरी पकडली गेल्यासारखी.
हसली सांगताना. मीही हसले.
चप्पल कुठली ते मला माहीत होतं,
डावी, टाच झिजलेली.

खरा प्रश्न तिनं एकदाच विचारला,
जिन्यात, दार ओढून घेऊन,
आवाज आतपर्यंत जाणार नाही इतका खाली:
माझ्यामागे?
माझ्या पिशवीत त्यावर काही नव्हतं.
मी तिथंच पायरीवर बसले, तीही बसली.
खालच्या मजल्यावर कुणीतरी मासे भाजत होतं.

आजही मंगळवार.
पट्टा तोच गुंडाळतो आता, सरळ.
फुगा दाबताना मोजतो, एक, दोन, सात.
ती श्वास रोखते, मी सांगते, रोखू नकोस.
एकशे चव्वेचाळीस.
मी समासात लिहिते.
समास भरत आलाय.